टाचण कोणाचं?

शहारे मॅडम गेल्याची बातमी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली. तिच्या वर पोषण आहाराची माहिती मागणारा संदेश होता आणि खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मीही हात जोडले आणि लगेच माहितीही पाठवून दिली. याला आता पाच आठवडे झाले. शाळेतल्या शोकसभेत मीच बोललो. मॅडम किती समर्पित होत्या, मुलांवर किती जीव होता, हे सगळं बोललो. जे बोलायला हवं होतं ते... राहून गेलं असं म्हटलं तर खोटं होईल. मी ते टाळलं. म्हणून इथे लिहितो आहे.

मी आंधळगावचा. घरी हातमाग, आणि पदवीपर्यंत पोचलेला घरातला मी पहिलाच. करडीकडच्या चार शिक्षकांच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झालो तेव्हा मला एकच भीती होती, की आपल्याला काही येत नाही हे कोणाला तरी कळेल. त्या शाळेत मॅडमनी नेमकं तेच उघडं पडेल असा रिवाज पाडला होता. शनिवारी शेवटच्या तासाला एकानं शिकवायचं आणि बाकीच्यांनी मुलांमध्ये टाटपट्टीवर बसून पाहायचं. उरलेल्या वर्गांना तेवढा वेळ चित्रं काढायला द्यायची. एक जण शिकवणार, एक जण मुलं काय बोलतात ते टिपणार, एक जण वहीत लिहिणार, अशी कामं पाळीपाळीनं ठरलेली असत आणि शिकवण्याची पाळी मुख्याध्यापकांनाही चुकत नसे. मग व्हरांड्यात चहा, आणि मॅडमचा प्रश्न, "पोरं कुठं अटकले?" शिक्षक कुठे चुकला, असं त्यांनी कधी विचारलं नाही. माझं अक्षर बरं म्हणून वही मात्र कायमची माझ्याकडे आली. सरकारी आदेशात अशा गटांना मोठमोठी नावं असतात. शिक्षक शिक्षकाकडून कसा शिकतो हे मला त्या चहात कळलं.

माझ्या चौथीला भागाकारातलं मधलं शून्य काही केल्या जमत नव्हतं. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचं टाचण द्या मले. मी तसंच शिकवते, तुम्ही मांगे बसून पाहा. सोताच्या पाठात सोताले काही दिसत नाही." टाचण म्हणजे पाठाची आखणी, ती मी दोन दिवस बसून केली होती आणि मला तिचा अभिमान होता. मॅडमनी तिच्यातला शब्दही बदलला नाही. चारशे बाराला चारनं भागायचं होतं. अर्ध्याहून जास्त मुलांनी तेरा लिहिलं. शेवटी मॅडमनी पाटीवरून नजर उचलली आणि विचारलं, "चारशे बारा बोरं चौघांत वाटली, अन् एकेकाले तेराच? बाकीची कोणी खाल्ली?"

"धकाते सरनं," माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

सगळा वर्ग हसला, मॅडम सर्वांत जास्त. मला हसू आलं नाही.

वहीत रकाने होते: पाठ कोणी घेतला, टाचण कोणाचं, मुलं कुठे अडली. पहिल्यात मी मॅडमचं नाव लिहिलं, शेवटच्यात 'बहुतेक मुलांना समजले नाही' असं लिहिलं आणि मधला रकाना कोरा सोडला. सही करताना मॅडमनी विचारलं, "हे काहून सोडलं?" मी म्हणालो, "भरतो ना मॅडम." आणि भरलं नाही.

पुढच्या आठवड्यात केंद्रातल्या सगळ्या शाळांची शिक्षण परिषद होती. तालुक्याहून साहेब आले होते. कोणाच्या शाळेत काही वेगळं चालतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीच उठून वही पुढे केली. शाळेचं कौतुक होईल, माझ्या अक्षराचंही होईल, असं वाटलं. साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "मॅडम, बावीस वर्षं झाली ना नोकरीले? चौथीचा भागाकार जमत नाही?" सभागृहात हसू उठलं. मग त्यांनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "टाचण कोणाचं होतं?"

मी वही देऊन अजून तिथेच, साहेबांच्या बाजूला उभा होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं... रागानं नाही, वर्गात उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं, वाट पाहत. मी खाली पाहिलं.

"माझंच होतं, सर," मॅडम म्हणाल्या.

बाहेर निघताना त्या मला एवढंच बोलल्या, "धकाते सर, सोमवारी तोच पाठ पुन्हा घेऊ. तुम्ही शिकवा, मी मांगे बसते." सोमवारी मी रजा टाकली. मंगळवारी त्यांनी विचारलं नाही. पण बाकीच्यांनी धडा घेतला होता. आमच्यातले चौथे शिक्षक कापगते सर म्हणाले, "कायले लिहून द्याचं बाप्पा, आपल्याच हातानं?" शनिवारची वही सुरू राहिली, पण तिच्यात माझ्याच सुंदर अक्षरात 'पाठ छान झाला, मुलांनी आनंद घेतला' एवढंच येऊ लागलं. मुख्याध्यापकांची पाळी गेली, मग कापगते सरांची. शेवटी मॅडम एकट्याच दर शनिवारी आपला वर्ग उघडा ठेवून शिकवत आणि आम्ही ऑनलाइन माहिती भरत बसत असू.

तेरवीला वरठीला त्यांच्या घरी गेलो. त्यांचे यजमान मला ओळखत होते. पाणी देताना म्हणाले, "दवाखान्यात तुमची आठवण काढे. म्हणे, धकाते सरनं कोणाले वर्गात बसू देल्लं का, एकदा विचारजा." त्यांना त्यामागचं काही माहीत नव्हतं. ते उत्तराची वाट पाहत होते. मी पाणी प्यालो आणि त्यांच्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारलं.

गेल्या शुक्रवारी मी कापगते सरांना म्हणालो, "उद्या माझा भागाकाराचा पाठ आहे. येऊन बसता का?" त्यांनी मोबाईलवरून मान वर केली, दाराकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "काहून? साहेब येऊन राहिले का?"