सीलिंगवरचा तेलाचा डाग

“पाइपाले हात लावाचा नाही, मिस्तरी. कापाचा तर बिलकुलच नाही.” उंद्रीचे भाऊसाहेब मोटारीचं दार धरून उभे होते. “अन् जुनं कापड मले परत पाह्यजे.”

मी चिखलीत मोटारींच्या गाद्या शिवायचो. महाराष्ट्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. भाऊसाहेबांची विलायती मोटार त्याच्याही कितीतरी आधीची. छताला आतून जे कापड असतं त्याला आम्ही सीलिंग म्हणतो. यांचं सीलिंग लोंबून, बसणाऱ्याच्या डोक्यावर आलेलं. पंधरा दिवसांवर लेकीचं लग्न होतं. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. पोरीला आईच्या मोटारीतून सासरी पाठवायची, एवढीच भाऊसाहेबांची हौस उरली होती.

भानगड पाइपांची होती. भाऊसाहेबांच्या बाईंचं माहेर मलकापूरकडचं. एकदा तिकडं जाताना राजूर घाटात मोटार कलंडली. कोणाला खरचटलंही नाही, पण बाईंनी धसकाच घेतला. मोटारीत पाय ठेवीनात. तेव्हा भाऊसाहेबांनी गावच्या लोहाराकडून आतून जाड पाइपांचा पिंजरा करून घेतला. मोटार उलटली तरी छत डोक्यावर बसू नये म्हणून. मग कुठं बाई बसल्या.

आता सीलिंग काही नुसतं चिकटवत नाहीत. परकराला असतो तसे कापडाला आडवे नेफे शिवतात. त्यांत तारेच्या कमानी ओवतात आणि कमानींची टोकं छताच्या कडेच्या भोकांत अडकवतात. इथं छत आणि पाइप यांच्यात माझी दोन बोटं जाईनात. कमान फिरवू कुठून, कपाळ?

दोन दिवस डोकं धरून बसलो. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याच्या पायांकडे लक्ष गेलं. लोहारच तो, बैलगाड्या करणारा! पायांखाली बाभळीच्या पाचरी ठोकून त्यानं पिंजरा वर दाबला होता. नट ढिले केले, पाचरी काढल्या, पिंजरा चार बोटं खाली बसला. मी माझीच पाठ थोपटली. पुढची-मागची काच काढली आणि जुनं कापड उतरवलं.

जुनं कापड हाच आमचा फर्मा. शिवण उसवायची, पट्ट्या मोकळ्या करायच्या, नव्या कापडावर ठेवून कापायचं. कापून झाल्यावर पाहिलं तर पट्ट्या धुळीनं काळ्याकुट्ट. परत द्यायच्याच आहेत तर नीट देऊ, म्हणून साबणानं धुतल्या. मागच्या सीटच्या वरच्या पट्टीवर पंजाएवढा तेलकट डाग होता. तीनदा पेट्रोल चोळलं तेव्हा गेला. वर इस्त्रीही फिरवली. शहाणाच मी!

नवं सीलिंग चढवलं, पाचरी परत ठोकल्या. भाऊसाहेब आले. आधी पाइप चाचपले.

“कापला नाही ना कोठी?”

“नाही जी. पाचरीसकट जसाच्या तसा.”

त्यांचा जीव भांड्यात पडला. नव्या कापडावर हात फिरवून म्हणाले, “झकास. जुनं कुठंय?”

मी ऐटीत घडी पुढं केली. त्यांनी एकेक पट्टी उजेडाकडे धरून पाहिली. मग सगळ्या पुन्हा पाहिल्या.

“धुतलं काय हे?”

“हाव, भाऊसाहेब! लय हट्टी डाग होता. काढूनच सोडला.”

ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

“उंच होती ती,” ते म्हणाले. “घाटात गचका बसला का अंबाडा छताले लागे. मी म्हनो, खाली सरक, तेलानं कापड खराब होते. ती म्हने, होऊ द्या. ती गेल्यावर मी इथंच बसो अन् वर पाहो. तेवढंच राह्यलं होतं तिचं.”

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. “भाऊसाहेब, मले पह्यलेच सांगतलं असतं तर...”

“काय सांगू? बायकोच्या तेलाचा डाग सांभाळ म्हनून सांगू? लाज वाटली.”

त्यांनी पट्टी नाकाशी धरली. पेट्रोलचाच वास येत असणार. तरी घडी घालून काखेत धरून घेऊन गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वर्षभरानं गादी दुरुस्त करायला मोटार पुन्हा माझ्याकडे आली. मी आधी वर पाहिलं. सीलिंग कोरं होतं.

“पोरीले दोनदा माहेरी आनलं, घाटातून,” भाऊसाहेब म्हणाले. “पन ती आईएवढी उंच नाही.”

तेव्हापासून कात्री उचलायच्या आधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, “यातला कोणता डाग ठेवाचा आहे काय?” बहुतेक जण हसतात. न हसणाऱ्याचं काम मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.