ताकातली भुसी

बायको गेली आणि पोरानं मला जुन्या वस्तीतल्या खोलीवरून उचलून जुळे सोलापुरात आपल्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून माझं पोट बसलं. साफच व्हायचं नाही. पोरानं डॉक्टरला विचारलं. डॉक्टरनं काय सांगितलं ते सुनेला कळलं, पोराला कळलं, पोट ज्याचं त्याला मात्र कुणी सांगितलं नाही. तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

सून वाईट नाही. पण दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा मी बघून पितो, आणि बायको गेल्यावर मला सगळीच घरं दुसऱ्याची.

एका दुपारी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. सून फळीवरच्या डब्यातलं पांढरं काहीतरी माझ्या ताकात टाकून घाईघाईनं ढवळत होती. ग्लास आणून म्हणाली, "मामा, लगेच प्या." लगेच का? मी म्हटलं, ठेव. ती धुणं वाळत घालायला गेली. मी ग्लास खिडकीत ठेवून त्याच्याकडं बघत बसलो. थोड्या वेळानं वाकडा केला, तर ताक हलेना. चिकट, गच्च. जन्म माग चालवण्यात गेला माझा. सुताला लावायची खळ मी ओळखत नाही होय? खळ लागली की सूत ताठ होतं. माझं आतडं आधीच ताठ, त्याला आणि खळ!

ताक मोरीत ओतलं. रोज ती ढवळायची, रोज मी ओतायचो. पोट काही हलेना. शेवटी पोराला सांगून टाकलं, मला खोलीवर नेऊन सोड. उपाशी राहीन, पण बघून खाईन.

जायच्या आधी फळीवरचा तो डबा शोधला. माझी शाळा थोडकी. अक्षराला अक्षर जोडत वाचलं. 'इसबगोल' काही कळलं नाही. पुढं 'भूसी' होतं, ते मात्र बरोबर कळलं. वळलो तर सून मागं उभी.

"म्हशीला घालायचं भुसकट मला घालतीस व्हय गं?"

"अवो मामा, डॉक्टरांनी सांगितलंय. फायबर हाय ते!"

"फायबरचं दार असतंय बाथरूमला. ते माणसाला चारत्यात?"

तिला हसू आवरेना. मग एकदम थांबली. "म्हंजे ताक मोरीत गेलं सगळं? तरीच तुंबतीय! तुमचं पोट राहिलं बाजूला, मोरीचं बसलं की!" मग चिडून म्हणाली, "आत्या काय देत होत्या, तेवढं तरी सांगा. आल्यापासून तोंड उघडलं न्हाय तुमी."

आत्या म्हणजे माझी बायको. ती गेल्यापासून तिच्याबद्दल मी बोललो नव्हतो. बोललं की रडू येतं, आणि रडका म्हातारा कुणाला नको असतो. पण त्या दिवशी रागात तोंडातून निघून गेलं.

"ती पीठ चाळत नव्हती. ताटाच्या कडंला कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी सालासकट. जवसाची चटणी. मी म्हणायचो, शेळी केलीस माझी. ती म्हणायची, खावा गुमान, सकाळी माझं नाव घ्याल..."

मी डबा परत फळीवर ठेवला.  सून हळूच म्हणाली, "ह्यालाच फायबर म्हणत्यात, मामा."

दुसऱ्या दिवशी ताटात न चाळलेल्या पिठाची भाकरी आली, शेजारी मेथी. मी पान न् पान उलटून बघितलं. भाकरी मोडून उजेडात धरली. सून समोर बसली, माझ्याच ताटातली मेथी उचलून कचाकचा खाल्ली. "विष असलं तर दोघंबी जाऊ."

मग मी खाल्लं. वर तांब्याभर पाणी प्यालो. भाकरी चांगली होती. बायकोच्या हातची नव्हती. ती आता कुठली यायची?

हळूहळू पोट हललं. पोरानं विचारलं, "खोलीवर कधी सोडू?"

"मेथी हाय तोवर राहतो," मी म्हटलं. "पुढचं पुढं बघू."

आतून सून ओरडली, "मेथी संपली की पात असती, मामा!"

हिला भिंतीआडूनही सगळं ऐकू येतं.