चोवीस पॉपलर

तुर्कस्तानातल्या कराओरेन गावात जमिनींची फेरवाटणी झाली, तेव्हा दुराली बासष्ट वर्षांचा होता आणि त्याच्या जमिनीचे सात तुकडे होते. एक आजीकडून आलेला, एक बापाने बैलजोडी देऊन घेतलेला, एक सासऱ्याने भांडण मिटवताना सोडलेला. सरकारने गावाचे सगळे तुकडे एकत्र केले आणि त्याच्या वाट्याला एकच सरळ चौकोन आला. ट्रॅक्टरला सोपा, साखरेच्या बिटाला पाणी द्यायला सोपा. साखर कारखानाही खूश. दुरालीला ते पटलं होतं, सही त्यानेच केली होती. तरी पाय जुन्याच वाटेने जात.

सप्टेंबरातल्या एका सकाळी त्याने कालव्याची फळी उचलली आणि पॉपलरांच्या पट्टीत पाणी सोडलं.

"दुरालीकाका, माझ्या रानाला फुकट पाणी? अल्ला तुमचं भलं करो!" बांधावरून हिदिर हसला. दुरालीची ती जुनी पट्टी फेरवाटणीत हिदिरकडे गेली होती.

"झाडं माझी आहेत."

"तुमचीच हो. म्हणून तर म्हणतो, महिन्याभरात तोडा. मला गहू पेरायचाय."

चोवीस झाडं. मुलगी एलमास जन्मली त्या वर्षी लावलेली. मुलीचं लग्न ठरलं की पॉपलर तोडायचे, विकायचे आणि तिचं सामान घ्यायचं, असंच इकडे करतात. एलमास आता एकोणतीस वर्षांची, कोन्या शहरातल्या इस्पितळात नर्स.

त्याने तिला फोन लावला.

"विकून टाका की, बाबा."

"आणि तुझं लग्न?"

"लग्नाचं मी काही बोलले का?"

"मग नाही म्हणतेस?"

"नाही असंही कुठे म्हटलं? ड्यूटी सुरू होतेय. स्वेटर घालत जा."

तो फोन हातात धरून दारात बसला. हे हो होतं की नाही? बायको साती म्हणाली, "तोडा नाहीतर राहू द्या, पण दारात असे बसू नका, कोंबड्या बिचकतात."

ऑक्टोबरात दुरालीने झाडं तोडली. लाकडाचा व्यापारी ट्रक घेऊन आला, ओंडके चढवले.

"मुबारक असो, उस्ताद! लग्न कधी?"

ठरलंय म्हणावं तर खोटं. ठरलं नाही म्हणावं आणि तरी विकावं, तर लग्न होणारच नाही असं आपणच गावाला सांगितल्यासारखं. तिने तर तेवढंही म्हटलं नव्हतं.

"विकायचे नाहीत," तो म्हणाला. "माझ्या नव्या रानात उतरव."

"शुद्धीवर आहेस ना?"

"ठाऊक नाही. उतरव."

ओंडके चौकोनाच्या मधोमध रचले गेले. पेरणीला दुरालीने ट्रॅक्टर त्यांना वळसा घालून नेला. साती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"दोन पोती गहू कमी येईल."

"येऊ दे."

"आणि दरवर्षी?"

दुरालीने ट्रॅक्टर पुढच्या फेरीला वळवला, ओंडक्यांना वळसा घालून.