न बोलता घेतलेला तास

तळोद्यातल्या आमच्या छोट्या शिक्षणसंस्थेला सल्ला देणाऱ्या निवृत्त शिक्षकांमध्ये एक बाई आहेत, त्या सर्वांत कमी बोलतात. बैठकीत कुणी ‘सर्वसमावेशक’ म्हटलं, की पदराने चष्मा पुसत आपल्या अहिराणीत विचारतात, “म्हंजे कोन राही गयं?”

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत डोंगरातल्या एका शाळेत गेलो. वर्गात मागे एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती.

“तिला ऐकू येत नाही, म्हणून तिथे बसवतो,” गुरुजी म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि पुढचा तास स्वतःसाठी मागून घेतला. त्यांनी एक शब्दही न बोलता गणित शिकवलं. जमिनीवर चिंचोके मांडले, ते बोटांवर मोजून दाखवले आणि त्यातले काही मुठीत लपवले. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत राहिली. भिंतीजवळची ती मुलगी मात्र उठून पुढे आली आणि मुठीत किती आहेत, ते तिने बोटांनी दाखवलं. बाईंनी मूठ उघडली. उत्तर बरोबर होतं. गुरुजी खाली मान घालून उभे होते.

परतताना जीपमध्ये मी म्हणालो, “बाई, गुरुजींच्या मनाला लागलं असेल.”

“लागू दे भाऊ. मले बी लागनं व्हतं एकदाव. मना वर्गमा बी आशीच एक पोर मांगे बठेल व्हती,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी खिडकीची काच वर केली.