चहाची सवय

हे सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. मुलीकडे जाताना मी माझा पोपट काकती गावच्या एका बाईंकडे ठेवला होता. लोक परगावी गेले की त्या त्यांचे पोपट सांभाळत, रोज सकाळी प्रत्येकाचं वजन करत.

"घरी काय खातोय?" त्यांनी विचारलं.

"पेरू, मिरची," मी म्हणालो. खरं तर मी त्याला चहात बुडवलेली बिस्किटं चारत होतो. सांगायची लाज वाटली.

परत आलो तर पोपट वाळलेला. दोन गिऱ्हाइकांसमोर मी ओरडलो, "उपाशी ठेवलासा ह्याला."

"आप्पा, कप वाजला की ह्यो दाराकडं पळतोय. घरी चहा पाजत व्हता न्हवं?"

मी ते कबूल केलं नाही. त्या दोघांनी आपापले पिंजरे उचलून नेले. बाई एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच आठ दिस. सवय मोडंल."

मोडली. पोपट आज पेरू खातो, टुणटुणीत आहे. बाईंच्या अंगणातही पुन्हा पिंजरे दिसतात.

आठ दिवसांनी त्याला आणायला गेलो, तेव्हा 'चूक माझी होती, बाई' हे वाक्य मी बसमध्ये घोकलं होतं. दारात तोंडातून निघालं ते एवढंच, "पिंजरा लई स्वच्छ ठेवलायसा."