ज्या घरचं पाणी

२४ एप्रिल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. धुळ्याहून नानांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच हृदय थांबलं, एवढं सांगून तो गप्प झाला. मीही गप्प राहिले. समोरचा थांबला की आपणही थांबावं, ती रिकामी जागा भरायला धावू नये, हे मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याच जाण्याची ती बातमी होती...

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी जळगावजवळच्या एका कारखान्याच्या जनसंपर्क विभागात रुजू झाले, तेव्हा नाना विभागप्रमुख होते. मूळचे शिंदखेड्याकडचे, घर धुळ्यात. आसपासच्या गावांचा कंपनीवरचा विश्वास मोजणारा एक आलेख मी पहिल्याच महिन्यात तयार केला. नानांनी तो बराच वेळ न्याहाळला. “शास्त्रज्ञबाई, बठ्ठं बराबर शे,” सगळं बरोबर असल्याचं ते अहिराणीत म्हणाले, “पन यामा कोनी चहा पेतांना दिखत नही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाडीत घातलं आणि गावांतून फिरवलं. काम काहीच नव्हतं; कामाशिवाय जाणं हेच आपलं काम, असं त्यांचं मत. कंपनीचे साहेब गावात उतरत ते हातात बंद बाटली घेऊन, आणि गावाची पहिली नजर त्या बाटलीवर पडे. नाना बाटली गाडीतही ठेवत नसत. ओट्यावर टेकायचं, घरातून आलेला पेला पूर्ण रिकामा करायचा आणि मगच तोंड उघडायचं. परतताना त्यांनी त्यामागचा नियम सांगितला. “ज्या घरचं पाणी प्यालो, तिथे खोटं बोलायचं नाही. आपला सगळा धंदा एवढ्यावर उभा आहे.”

गेल्या वर्षी कारखान्याच्या खालच्या अंगाच्या गावात विहिरीच्या पाण्याची चव बदलली. लोक कुजबुजू लागले. व्यवस्थापनाने नानांच्या हातात तपासणीचा अहवाल दिला: पाणी पिण्यायोग्य. नानांनी तो गावात वाचून दाखवला नाही. ते अक्कांच्या ओट्यावर बसले. अक्का म्हणजे विहिरीला लागून घर असलेल्या, गावात शब्दाला वजन असलेल्या वृद्ध बाई. त्यांच्या पितळी पेल्यातलं पाणी नाना सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. कुजबुज थांबली. जनसंपर्काचा याहून परिणामकारक प्रयोग मी आजतागायत पाहिलेला नाही, आणि याहून भयंकरही नाही. कारण काही आठवड्यांनी मी माझं क्षार मोजायचं मीटर त्या विहिरीत बुडवलं. विरघळलेल्या क्षारांची, दुसरा स्रोत नसतानाही चालवून घ्यायची शेवटची मर्यादा लिटरमागे दोन हजार मिलिग्रॅम आहे. माझा आकडा २,४१० होता. अहवालातला नमुना वरच्या अंगाच्या विहिरीचा निघाला.

नानांनी खुलाशाची परवानगी मागितली, मिळाली नाही. टँकर मागितला. टँकर म्हणजे कबुली, असं उत्तर आलं. मग ते न विचारता गावात गेले आणि पारावर उभं राहून सगळं सांगितलं. कोणी शिवी दिली नाही. अक्का तेवढ्या बोलल्या, “तुमी पिधं म्हनीसन आमी पिधं, नाना.”

कंपनीने त्यांना रजेवर पाठवलं. तरी दर सोमवारी ते धुळ्याहून बसने येत, अक्कांच्या ओट्यावर तासभर बसत आणि उठत. पाणी आलं नाही. एकदाही नाही. आल्या माणसाला आधी पाणी देणाऱ्या मुलखात याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. “माझा शब्द गेला,” ते एकदा मला म्हणाले. “माणूस नंतर जातो, एवढंच...”

आमच्याकडे मृताच्या घरी भेटायला जाण्याला द्वारदर्शन म्हणतात. बसायचं, फारसं बोलायचं नाही, निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही. नानांच्या द्वारदर्शनाला अक्का धुळ्यापर्यंत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. शेवटी मी विचारलंच, इतका राग होता का?

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “राग नही व्हता, माय. घर येल मानूसले ते पानी कसं देतूत?”

विकतचा जार नातवंडांपुरताच पुरत होता. नानांना विष पाजायचं नाही, एवढ्यासाठी त्या सगळ्या महिन्यांत पेला कोनाड्यात उपडा राहिला होता. नानांना हे कुणी सांगितलं नाही. रिकाम्या जागा वाचण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांनी ही एकच चुकीची वाचली.

नानांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. पाणी सुधारत असल्याचं निवेदन माझ्या सहीसाठी टेबलावर पडून आहे. मी सही केलेली नाही, आणि खुर्ची किती दिवस राहील हे सांगता येत नाही. सोमवारी मी अक्कांकडे जाते. कोनाड्यात तो पेला अजून उपडाच आहे. मी मीटर विहिरीत सोडते. अक्का ओट्यावरून विचारतात, “उतरनं का, माय?” आणि मी आकडा मोठ्याने वाचते.

२,३९०.