वास गेलेला पारखी

लाकडाच्या वखारीत त्यांना सगळे 'नाकवाले काका' म्हणत. फळीचं टोक तासायचं, थुंकी लावायची, नाकाशी धरायचं, की झाडाची कुंडली तयार. माल दोन देशांतून येई: इकडच्या कोरड्या रानातून आणि समुद्रापलीकडच्या पावसाळी रानातून. इकडची झाडं उन्हाळ्यात पानं टाकून स्वस्थ बसतात, म्हणून लाकडात वर्षावर्षाची वलयं उमटतात. त्या घट्ट लाकडाचे दरवाजे, तुळया, पूल. तिकडच्या झाडांना बारा महिने पाणी, विश्रांती ठाऊकच नाही. सरळसोट वाढतात, वलय दिसत नाही. त्यांतली हलकी जात खोक्यांना आणि प्लायवूडला झकास, पण ओलीत राहिली की चार महिन्यांत कुजते.

काका मात्र वलयं बघत नसत. "ते शिकाऊंनी बघायचं," म्हणत. ही मिजास त्यांना नडली.

तापात वास गेला, तो परत आलाच नाही. काकांनी कुणाला सांगितलं नाही. नोकरी गेली तर या वयात कुत्रंही विचारणार नाही, ही भीती. फळी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि अंदाज ठोकून द्यायचा. रोज सकाळी नात मूठ पुढे करून "आजोबा, ओळखा कशाचा वास," म्हणे, तिथेही तेच.

प्रत्येक मालाचा एक तुकडा चिठ्ठीसकट दोरीत ओवून भिंतीला टांगायची वखारीची रीत होती. एके दिवशी दोरी तुटली. काका तुकडे गोळा करत होते, तर एकाच्या कापल्या टोकावर ऊन पडलं. वलयं नव्हतीच, आणि तुकडा हाताला अगदी हलका लागत होता. चिठ्ठीवर त्यांचंच अक्षर: शाळेपुढच्या नाल्याचा पूल. त्याला चार महिने होऊन गेले होते. बाराला शाळा सुटायची, नात त्याच पुलावरून यायची, आणि बाराला पाचच मिनिटं होती.

काका धावत सुटले. एक चप्पल वाटेतच राहिली. देवा, आजचा दिवस सांभाळ, एवढंच तोंडात. घंटा ऐकू आली तेव्हा अजून एक वळण बाकी होतं.

पलीकडून पोरं पुलाकडे धावत येत होती. "थांबा! कुणी पाय ठेवू नका!" काका जीव खाऊन ओरडले.

पोरांना अडवत शाळेच्या बाईंनी विचारलं, "अहो काका, झालंय काय? हे लाकूड तुम्हीच तर पास केलंत ना?"

'एका फळीला तडा दिसला' म्हटलं असतं तर निभावलंही असतं. पण मग एकच फळी बदलली असती. काकांनी खिशातला चाकू काढून जवळच्या फळीत खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. "मला वास येत नाही, बाई. पाच महिने झाले. सगळ्याच फळ्या चुकीच्या आहेत," ते म्हणाले.

बाईंनी पोरांना मोठ्या रस्त्याने वळवून आणलं. नात शेवटी आली आणि तिने काकांचा हात धरला.

"मला माहीत होतं, आजोबा. परवा माझ्या मुठीत काहीच नव्हतं, तरी तुम्ही लिंबू म्हणालात."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही किती घाबरला होतात."